हवामानाचा प्रश्न आणि महापालिकेची मतपेटी

मुंबई महापालिकेच्या लोकनियुक्त सभागृहाची मुदत ७ मार्च २०२२ रोजी संपली आणि दुसऱ्या दिवसापासून सारा कारभार प्रशासकाच्या हाती गेला. त्यानंतर अवघ्या पाच दिवसांनी, १३ मार्च रोजी, ‘मुंबई हवामान कृती आराखडा’ समारंभपूर्वक प्रसिद्ध करण्यात आला. देशाने निव्वळ शून्य उत्सर्जनासाठी २०७० साल ठरविले असताना मुंबई ते उद्दिष्ट २०५० सालीच गाठील, अशी घोषणा त्या आराखड्यात होती. पूर, उष्णता, हवा, कचरा, वाहतूक, वीज, हिरवळ या सर्वांचा विचार त्यात होता. नव्हते ते एवढेच की, ज्या शहरासाठी हा आराखडा तयार झाला, त्या शहराचा एकही निवडून आलेला प्रतिनिधी त्याच्या अंमलबजावणीचा जाब विचारण्यासाठी त्या दिवशी अधिकारावर नव्हता.

ही स्थिती जवळजवळ चार वर्षे टिकली. या चार वर्षांत शहराच्या हवामानाशी निगडित असे मोठमोठे निर्णय झाले. सागरी किनारा मार्गाचा पहिला टप्पा मार्च २०२४ मध्ये मोटारींसाठी खुला झाला. हजारो कोटी रुपये खर्चून रस्त्यांच्या काँक्रिटीकरणाचा सपाटा लावण्यात आला. मे २०२५ मध्ये बेस्टच्या बसचे किमान भाडे पाच रुपयांवरून दहा रुपये झाले. यांपैकी भाडेवाढीचा निर्णय महापालिकेच्या सभागृहात मतास टाकला गेला असता, तर कदाचित तो मंजूरही झाला असता. परंतु कोणत्या नगरसेवकाने हात वर केला, हे निदान वॉर्डातल्या मतदाराला कळले असते. लोकशाहीचा हा किमान लाभही मुंबईकरांना मिळाला नाही.

अखेर १५ जानेवारी २०२६ रोजी मतदान झाले. प्रचाराची धार भाषा, अस्मिता आणि महापौर कोणाचा या प्रश्नांवर चढली. प्रदूषण, हवामान हे शब्द जाहीरनाम्यांतून आले खरे, पण जाहीरनाम्याच्या शेवटच्या पानावरील शब्दांना जी प्रतिष्ठा असते तेवढीच त्यांना होती. तथापि नाले, झाडे, हवा आणि उष्मा हेच आपले मुख्य प्रश्न म्हणून मते मागणारा उमेदवार आज ना उद्या प्रत्येक मोठ्या शहरात उभा राहणार, हे उघड आहे. अशा वेळी समाजवादी कार्यकर्त्याने काय करावयाचे? त्याला आपला मानावयाचे, की सुखवस्तू वर्गाची नवी हौस म्हणून बाजूला सारावयाचे? हा प्रश्न पुढील निवडणुकीच्या ऐन धामधुमीत सोडविता येण्याजोगा नाही. त्याचा विचार आताच करावयास हवा.

कार्यकर्त्याच्या मनातील शंका निराधार नाही, हे प्रथम मान्य केले पाहिजे. पर्यावरणाच्या नावाने या शहरात गरिबांवर किती वेळा कुऱ्हाड चालली, याचा हिशेब त्याच्याजवळ आहे. १९८१ च्या ऐन पावसाळ्यात पदपथावरील माणसांना उचलून शहराबाहेर धाडण्याचा उद्योग सरकारने केला. त्यातूनच पुढे उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचा भाग होय असे सांगणारा १९८५ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल जन्माला आला, आणि त्याच निकालाने नोटीस देऊन झोपड्या हटविण्यास मुभाही ठेवली. पुढे तानसा जलवाहिन्यांच्या सुरक्षिततेसाठी न्यायालयाच्या आदेशाने त्यांच्या कडेच्या हजारो झोपड्या काढण्यात आल्या. अनेक कुटुंबांना तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या शेजारी माहुलला नेऊन टाकण्यात आले आणि मोकळ्या झालेल्या पट्ट्यावर सायकल मार्ग बांधण्याची योजना महापालिकेने पुढे आणली. सायकल हे प्रदूषणमुक्त वाहन आहे, यात शंका नाही. पण ज्याच्या घरावरून ती जाणार, त्याला माहुलच्या धुरात श्वास घ्यावा लागला. अखेर सप्टेंबर २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाला सांगावे लागले की, माहुलला कोणासही सक्तीने पाठवू नये आणि तेथे राहण्यास तयार नसलेल्यांना दरमहा पंधरा हजार रुपये भाडे द्यावे. तेव्हा ‘हरित’ हा शब्द ऐकताच झोपडपट्टीतला माणूस दचकतो, तर तो त्याचा अडाणीपणा नव्हे, अनुभव आहे.

परंतु या अनुभवावरून हवामानाचा प्रश्नच परका ठरविणे ही गफलत होईल. उष्म्याने आणि पुराने कोण मरते, एवढे पाहिले तरी ती उघडी पडते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली, तर त्याच दिवशी कुलाब्याला केवळ ७३ मिलिमीटर. मुंबईत चारशेहून अधिक माणसे गेली. साकीनाक्याला दरड कोसळून जे गाडले गेले, ते टेकडीच्या उतारावर झोपडी बांधण्याखेरीज दुसरा पर्याय नसलेले लोक होते. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरला एका सरकारी पुरस्कार समारंभात लाखोंचा समुदाय भर उन्हात बसविण्यात आला आणि चौदा जणांचा उष्माघाताने मृत्यू झाला. मान्यवरांवर छत होते, श्रोत्यांवर नव्हते. हवामानबदलाचे अर्थशास्त्र शिकविण्यास याहून वेगळे उदाहरण शोधण्याची गरज नाही. तापमान सर्वांसाठी सारखेच वाढते, सावली मात्र सारखी वाटलेली नसते.

२०११ च्या जनगणनेनुसार बृहन्मुंबईची चाळीस टक्क्यांहून अधिक लोकसंख्या झोपडपट्ट्यांत राहत होती. तेथल्या घराच्या डोक्यावर बहुधा सिमेंटचा वा लोखंडी पत्रा असतो. एप्रिल-मे महिन्यात दुपारी त्या पत्र्याखाली शिवणयंत्र चालविणारी, पापड लाटणारी, इमिटेशन दागिन्यांना मणी लावणारी स्त्री ही आपल्या घरातच कारखान्यात असते. तिच्या उत्पादनाचा दर नगावर ठरतो. उष्म्याने हात मंदावले की मजुरी घटते, आणि पंख्याचे बिल मात्र वाढते. हा मजुरीचा प्रश्न आहे. कामगार चळवळीने तो कारखान्याच्या फाटकाशी कधी पाहिला नाही, कारण हा कारखाना फाटकाबाहेर आहे.

उलट बाजूने हिशेब मांडला तरी चित्र हेच दिसते. कृती आराखड्यासाठी केलेल्या मोजणीनुसार २०१९ साली मुंबईचे उत्सर्जन सुमारे २ कोटी ३४ लाख टन होते. त्यातील ७२ टक्के विजेचा व इंधनाचा इमारतींतील वापर, २० टक्के वाहतूक आणि ८ टक्के कचरा यांतून आले. दरडोई सरासरी १.८ टन. पण सरासरी हा आकडा फार फसवा असतो. वातानुकूलित मनोऱ्यातील कुटुंब आणि एका पंख्यावर भागविणारे गोवंडीचे कुटुंब यांना एकाच भागाकारात बसवून निघालेली ती संख्या आहे. ज्यांनी या संकटात सर्वांत कमी भर घातली, तेच त्याची सर्वांत अधिक किंमत मोजतात. समाजवादी विचाराला याहून ओळखीचे सूत्र दुसरे कोणते असणार?

यावर दुसरा आक्षेप येतो, आणि तो अधिक व्यवहारी आहे. नगरसेवकाच्या हाती असते काय? १८८८ च्या महापालिका अधिनियमाने कार्यकारी सत्ता आयुक्ताकडे ठेवली, आणि आयुक्त राज्य सरकार नेमते. वीज कोळशाची असावी की सूर्याची, हे नगरसेवक ठरवीत नाही. मेट्रो दुसऱ्या यंत्रणेची, लोकल गाड्या केंद्राच्या. घटनेच्या ७४ व्या दुरुस्तीने बाराव्या परिशिष्टात नागरी वनीकरण आणि पर्यावरणाचे रक्षण ही कामे नगरसंस्थांच्या यादीत घातली, पण यादी म्हणजे अधिकार नव्हे. मग हवामानाचा उमेदवार निवडून येऊन तरी काय करणार?

हा आक्षेप अर्धा खरा आहे. परंतु उरलेल्या अर्ध्यात बरेच काही आहे. २९ ऑगस्ट २०१९ रोजी महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणापुढे मेट्रोच्या कारशेडसाठी आरे येथील २,६४६ झाडे तोडण्याचा अथवा हलविण्याचा प्रस्ताव आला, आणि तो आठ विरुद्ध सहा मतांनी संमत झाला. त्यानंतर जे घडले, म्हणजे ४ ऑक्टोबरच्या रात्री दिव्यांच्या उजेडात चाललेल्या करवती, तरुणांची धरपकड, तीन दिवसांनी सर्वोच्च न्यायालयाची स्थगिती आणि तोवर जमीनदोस्त झालेली दोन हजारांहून अधिक झाडे, ते सर्वांना ठाऊक आहे. त्या आठ आणि सहा यांतील अंतर कार्यकर्त्यांच्या ध्यानात फारसे राहिलेले नाही. दोन सदस्य उलट बाजूस असते तर प्रस्ताव तेथेच अडला असता. मेट्रो ही स्वतः प्रदूषण कमी करणारी सोय आहे आणि तिला कारशेड लागतेच, हे कोणीही नाकारीत नाही. वाद जागेचा होता, आणि जागेचा वाद हाताळण्यासाठीच अशी प्राधिकरणे असतात.

पर्जन्यजलवाहिन्यांचे उदाहरण याहून बोलके आहे. ताशी २५ मिलिमीटर पावसासाठी बांधलेल्या जुन्या वाहिन्या ५० मिलिमीटरसाठी सक्षम करावयाच्या, असे सुचविणारा ब्रिमस्टोवॅड अहवाल १९९३ सालीच तयार झाला होता. तो बारा वर्षे जवळजवळ धूळ खात पडला आणि २००५ च्या प्रलयानंतर त्याची आठवण झाली. त्या बारा वर्षांत सभागृहे होती, स्थायी समित्या होत्या, दरवर्षी अर्थसंकल्प संमत होत होते. ५० मिलिमीटरच्या वाहिन्यांनीही २६ जुलैचे सारे पाणी वाहून नेले नसते, हे प्रामाणिकपणे सांगावयास हवे. पण दर पावसाळ्यात हिंदमाता आणि मिलन सबवे येथे तुंबणाऱ्या पाण्याला तो बचाव लागू पडत नाही. त्या बारा वर्षांत ज्याने प्रत्येक अर्थसंकल्पी सभेत उठून ‘त्या अहवालाचे काय झाले?’ एवढेच विचारले असते, तो नगरसेवक त्या काळात कोणालाही हवामानाचा उमेदवार वाटला नसता. होता मात्र तो तसाच.

शेवटी शहराच्या हवामानाचा निर्णय जमाखर्चात होतो, आणि तेथे बेस्टचा विषय सोडून पुढे जाता येत नाही.

७ ऑगस्ट १९४७ रोजी, स्वातंत्र्याच्या आठ दिवस आधी, मुंबई महापालिकेने बस, ट्राम आणि वीज यांचा हा व्यवसाय खासगी कंपनीकडून आपल्या ताब्यात घेतला. नगरपातळीवरील सार्वजनिक मालकीचा तो एक थोर प्रयोग होता. एका हाताने वीज विकावयाची, दुसऱ्या हाताने बस चालवावयाची आणि एकीच्या नफ्यातून दुसरीची तूट भरावयाची, ही साधी व्यवस्था अनेक दशके चालली. पुढे वीजदराच्या नियमनात ती सोय नाहीशी झाली. बसची तूट उघडी पडली, आणि ‘तोट्यातला उपक्रम’ हा शिक्का तिच्यावर बसला. जणू रस्ते, उड्डाणपूल आणि सागरी मार्ग नफ्यात चालतात! एकेकाळी चार हजारांहून अधिक असलेल्या बसगाड्या तीन हजारांच्या आत आल्या, आणि त्यांतील बहुसंख्य कंत्राटदाराच्या मालकीच्या, भाडेतत्त्वावरच्या झाल्या. डिसेंबर २०२४ मध्ये कुर्ल्याला अशाच एका भाडेतत्त्वावरील बसने माणसांना चिरडले, तेव्हा चालकाच्या प्रशिक्षणाची चर्चा काही दिवस झाली आणि विरली.

आता आकडे पाहावेत. महापालिकेचा २०२५-२६ चा अर्थसंकल्प ७४,४२७ कोटी रुपयांचा होता. त्यात बेस्टसाठी १,००० कोटींचे अनुदान ठेवण्यात आले, म्हणजे शंभर रुपयांतले सव्वा रुपयाहून थोडे अधिक. सागरी किनारा मार्गावर महापालिकेने तेरा हजार कोटींहून अधिक खर्च केला आणि त्यावर पथकरही नाही. तेवढ्या रकमेत त्या वर्षीच्या दराने बेस्टचे अनुदान तेरा वर्षे पुरले असते. त्याच वर्षी बसचे किमान भाडे दुप्पट झाले. वस्तीतून स्थानकापर्यंत बसने जाऊन परत येणाऱ्या घरकामगार स्त्रीला रोजचे दहा रुपये अधिक पडू लागले, आणि महिन्याचे सव्वीस दिवस धरले तर २६० रुपये. घरात कमावणारी दोन माणसे असतील तर ५२०. रक्कम मध्यमवर्गीय वाचकाला किरकोळ वाटेल. पण ती स्त्री एक तर चालत जाते, नाही तर शेअर रिक्षात चौथी म्हणून बसते. पहिल्याने तिचा वेळ आणि श्रम वाढतात, दुसऱ्याने शहराचा धूर. मोटारवाल्याला फुकट रस्ता आणि बसवाल्याला दुप्पट भाडे, असा जो अर्थसंकल्प मांडतो, त्याने आपल्या कृती आराखड्यात २०५० चे कितीही उदात्त चित्र रेखाटले तरी ते कागदावरच राहणार.

गंमत अशी की, याच महापालिकेने जून २०२४ मध्ये ‘हवामान अर्थसंकल्प’ या नावाचा अहवालही प्रसिद्ध केला. भांडवली खर्चापैकी सुमारे ३२ टक्के खर्च हवामानाशी संबंधित आहे, असे त्यात म्हटले होते. खर्चाच्या शीर्षाला हिरवी चिठ्ठी लावणे फार अवघड नसते. मलनिःसारण, पूरनियंत्रण ही कामे महापालिकेला हवामानबदल नसता तरी करावीच लागली असती. म्हणून तो अहवाल टाकाऊ आहे असे नव्हे. खर्चाचे असे वर्गीकरण जाहीर झाले, तर ते तपासणारा कोणीतरी सभागृहात असावा लागतो. २०२४ साली तो नव्हता.

अशा अर्थसंकल्पाची कल्पना ज्या नगरीने रूढ केली, त्या नॉर्वेच्या राजधानीची, ऑस्लोची, कथा पक्षाच्या कार्यकर्त्याने अवश्य समजून घ्यावी. तेथे २०१५ च्या नगर निवडणुकीनंतर कामगार पक्ष, समाजवादी डावा पक्ष आणि हरित पक्ष यांनी मिळून नगराची सत्ता घेतली. पैशाच्या अंदाजपत्रकासोबतच कोणत्या खात्याने किती उत्सर्जन घटवावयाचे याचे अंदाजपत्रक मांडण्याची प्रथा त्यांनी सुरू केली. लाल आणि हिरव्या झेंड्यांची ही युती सोपी नव्हती. २०१९ मध्ये मोटारींवरील पथकराची नाकी वाढविण्यात आली, आणि त्याच वर्षीच्या निवडणुकीत पथकराला विरोध एवढाच कार्यक्रम असलेल्या पक्षाला नॉर्वेच्या शहरांत लक्षणीय मते मिळाली. बर्गन येथे तर जवळजवळ १७ टक्के. ऑस्लोत युती टिकली, पण कामगार पक्षाची मते ३२ टक्क्यांवरून २० टक्क्यांवर घसरली आणि हरित पक्षाची ८ वरून १५ टक्क्यांवर गेली. २०२३ मध्ये सत्ता उजव्या पक्षाकडे गेली. हवामान अर्थसंकल्पाची प्रथा मात्र सत्तांतरानंतरही चालू राहिली.

या कथेतून दोन धडे निघतात आणि ते परस्परांना थोडे छेद देतात. एकदा जमाखर्चात शिरलेली गोष्ट सत्तांतराने सहज पुसली जात नाही, म्हणून लढाई घोषणेची नसून जमाखर्चाची करावी, हा एक. दुसरा कटू आहे. धुराची किंमत वसूल करताना ती उपनगराच्या टोकाला राहणाऱ्या माणसाच्या खिशातून आधी वसूल होते असे त्याला वाटले, तर तो हवामानावर नव्हे, कामगार पक्षावर रागावतो. फ्रान्समध्ये २०१८ साली इंधनकराविरुद्ध पिवळी जाकिटे घालून रस्त्यावर उतरलेल्या लोकांनीही वेगळे काही सांगितले नव्हते. म्हणून क्रम महत्त्वाचा आहे. आधी बस, मग मोटारीवर कर. आधी पर्यायी घर त्याच परिसरात, मग नाल्याचे रुंदीकरण. हा क्रम उलटविणाऱ्या उमेदवाराला, त्याची झाडांविषयीची कळकळ कितीही खरी असली तरी, समाजवादी कार्यकर्त्याने मत मागून देऊ नये.

म्हणजे पाठिंबा द्यावयाचा, परंतु कसोटी लावून. ही कसोटी उमेदवाराच्या भाषणात सापडणार नाही. त्याला वॉर्डातील सर्वांत सखल गल्लीत घेऊन जावे आणि विचारावे की, या नाल्याच्या काठची घरे कोठे जातील? नगरसेवक निधीतून पुन्हा पेव्हर ब्लॉकच बसविणार काय? (मुंबईतील पदपथ जितक्या वेळा उखडून बसविले गेले, तितक्या वेळा एखादे गाव वसविता आले असते, आणि झाडांची मुळे सिमेंटने आवळून पुन्हा वृक्षारोपणाचा कार्यक्रम करणारेही तेच.) बेस्टच्या अनुदानावर मत कोणत्या बाजूने देणार? २००० सालानंतरच्या झोपडीला नळ द्यावयास तयार आहे काय? पाणी हा जगण्याच्या हक्काचा भाग असून झोपडीच्या तारखेवरून ते नाकारता येणार नाही, असा निर्णय उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१४ मध्येच दिला आहे. वाढत्या उष्म्यात पाण्याचा नळ हा हवामानाचा पहिला कार्यक्रम आहे. ज्याला हे कबूल नाही, त्याचा हवामानाशी संबंध बागेपुरता आहे असे खुशाल समजावे.

महापालिकेने मनावर घेतले तर काय होऊ शकते, याचे एक उदाहरण शेजारच्या राज्यातच आहे. मे २०१० च्या उष्णतेच्या लाटेत अहमदाबादेत नेहमीपेक्षा तेराशेहून अधिक माणसे मरण पावली. त्यानंतर २०१३ मध्ये तेथील महापालिकेने उष्मा कृती आराखडा लागू केला. आगाऊ इशारे, दवाखान्यांत तयारी, पाणपोया, पुढे छपरांना पांढरा चुना, असे त्याचे स्वरूप होते. अवाढव्य खर्चाची ती कामे नव्हेत. ती सुरू करण्यास शहराला तेराशे मृत्यू पाहावे लागले, एवढेच.

कार्यकर्त्याला हे सारे नवे वाटत असेल, तर त्याने आपल्याच चळवळीचा इतिहास आठवावा. १९६१ साली गोरेगावातून मृणाल गोरे महापालिकेवर निवडून गेल्या, त्या कोणत्याही जागतिक प्रश्नावर नव्हेत. उपनगरातील नळाला पाणी का येत नाही, या एका प्रश्नाचा पाठपुरावा करीत त्यांनी महापालिकेला जेरीस आणले आणि लोकांनी त्यांना ‘पाणीवाली बाई’ म्हटले. शहराचे पाणी धनिक वस्तीला किती आणि कष्टकऱ्यांच्या वस्तीला किती, हा निसर्गसंपत्तीच्या वाटपाचाच प्रश्न होता. त्याला तेव्हा पर्यावरण म्हणत नसत. लोहियांनी फावडे, मतपेटी आणि तुरुंग अशी त्रयी सांगितली होती. पक्षात तुरुंगाचा अभिमान राहिला, मतपेटीची अपेक्षा राहिली आणि फावडे कोपऱ्यात गेले. नाल्यातला गाळ कोणी काढला आणि किती काढला, हे पाहण्यासाठी नाल्यावर उभा राहणारा कार्यकर्ता आज किती वॉर्डांत आहे?

येथेच पक्षाच्या अभिमानाचा नाजूक विषय येतो. हवामानाचा खरा उमेदवार पुष्कळदा पक्षाचा नसेल. तो अपक्ष असेल, एखाद्या वस्तीच्या समितीचा असेल, क्वचित एखाद्या सोसायटीच्या रहिवाशांनी उभा केलेला असेल. २००७ साली जुहू परिसरातून अडॉल्फ डिसूझा हे नागरिकांचे सर्वसंमत उमेदवार म्हणून पक्षांच्या विरोधात निवडून आले होते. एका वॉर्डात एकदा जे घडले, त्यावरून फार मोठे निष्कर्ष काढू नयेत. २२७ च्या सभागृहात एकटा माणूस प्रश्न विचारू शकतो, ठराव जिंकू शकत नाही. तरीही ज्या वॉर्डात पक्षाचा उमेदवार केवळ झेंडा दाखविण्यासाठी उभा राहतो आणि काहीशे मते घेऊन अनामत गमावतो, तेथे कसोटीला उतरलेल्या अशा माणसाच्या मागे पक्षाने उघडपणे आपले कार्यकर्ते उभे करण्यात कमीपणा कसला? याचा उलट फायदाही आहे. सोसायटीच्या गच्चीवर ठरलेला हवामानाचा कार्यक्रम वस्तीत नेण्याचे काम समाजवादी कार्यकर्ताच करू शकतो, आणि तसे करताना तो त्या कार्यक्रमात वस्तीचे कलम घालू शकतो. तो बाहेर राहिला तर ते कलम कोणीही घालणार नाही. वृक्षप्रेमी आणि झोपडीवासी यांना परस्परांविरुद्ध उभे करणे हे बिल्डरच्या फार सोयीचे आहे. तो एकाकडे झाडाची बाजू घेऊन जातो, दुसऱ्याकडे घराची, आणि भूखंड स्वतःकडे ठेवतो.

या कामाला पाच वर्षांनी येणाऱ्या मतदानाची वाट पाहण्याचे कारण नाही. सभागृह पुन्हा अस्तित्वात आले आहे. स्थायी समिती आहे, प्रभाग समित्या आहेत, वृक्ष प्राधिकरण आहे. पक्षाच्या प्रत्येक शाखेने आपल्या वॉर्डाच्या नगरसेवकाचे, मग तो कोणत्याही पक्षाचा असो, एक टिपण ठेवावे. बेस्टच्या अनुदानावर तो काय बोलला, झाडतोडीच्या कोणत्या प्रस्तावाला त्याने मान हलविली, कोणत्या वस्तीच्या नळाला त्याने विरोध केला, हे त्यात तारखेसह लिहावे. महापालिकेची नालेसफाई दरवर्षी मेअखेर पूर्ण झाल्याचे कागदोपत्री दाखविले जाते. त्या महिन्यात दोघा-तिघांनी आपल्या भागातील नाल्यावर जाऊन गाळाच्या गाड्या मोजाव्यात, त्यांचे क्रमांक उतरवून घ्यावेत आणि जूनच्या पहिल्या पावसाआधी ते आकडे प्रभाग कार्यालयातील देयकांशी ताडून पाहावेत.